अंग चेपणें हलकें, तर मग भारी काम कोणतें?

कुरवंड्यास यंदा भाताची लावणी आटोपली आणि त्याच आठवड्यांत एक शेतकरी रात्रीं आमच्या दारीं आला. बसा म्हटलें तरी बसेना. टोपी हातांत घेऊन उभाच राहिला. "गुरुजी, तुमचं तो ऐकतो. त्याला समजावा. पोरानं घराचं नाक कापलं."

आम्हांस वाटलें, पोरानें दारू धरली असेल, नाहींतर कर्ज काढलें असेल. तसें कांहीं नव्हतें. मुलगा सात वर्षें लोणावळ्याकडे एका बंगल्यांच्या वसाहतीच्या फाटकावर रखवालदार आहे. ती नोकरी सोडून पुण्यास राहावयाचें आणि मालिशची विद्या शिकावयाची, असें त्यानें घरीं सांगितलें. एवढाच त्याचा गुन्हा! "परक्या लोकांची अंगं रगडणार तो. आपण काय न्हावी हाय का, गुरुजी?"

हा प्रश्न एकाच घराचा असता तर आम्ही त्याची गोष्ट येथें लिहिली नसती. परंतु अशीं घरें मावळांत गांवोगांव आहेत, आणि बापाच्या तोंडीं आलेलें वाक्य आपणां सर्वांच्या पोटांत आहे. म्हणून तें बाहेर काढून उन्हांत ठेवलें पाहिजे.

प्रथम आमचा कबुलीजबाब. ती फाटकावरची नोकरी त्या मुलास आम्हींच मिळवून दिली. चिठ्ठी आम्हीं लिहिली. अंगावर गणवेश चढला म्हणून घरानें पेढे वांटले, ते आम्हीं खाल्ले. शाळेंत "शीक, म्हणजे मातींत हात घालावा लागणार नाहीं" असें आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. अध्यापक विद्यालयांत आम्हांस मुलांस शिकविण्याच्या अनेक रीती शिकविल्या, पण शिकलेल्या मुलाचे हात पुढें करणार काय, हें कोणीं विचारलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मुलास बोलाविलें. तो म्हणाला, "गुरुजी, बारा बारा तास मी गाड्यांचे नंबर लिहितो. वही भरली की रद्दीत जाते. सात वर्षांत काय केलंस असं कुणी विचारलं, तर दांडा वर केला आन् दांडा खाली केला, एवढंच सांगता येईल."

"मग मालिशच कां?"

"आबांची पाठ," तो म्हणाला.

तीन वर्षांमागें लावणींत वांकून वांकून बापाची पाठ धरली. डॉक्टरनें तपासलें, औषध दिलें, हाड मोडलेलें नाहीं असें सांगितलें. म्हातारी आजी एके काळीं वाडींतलीं तान्हीं मुलें न्हाऊं घालीत असे. तिनें नातवास तेल कोमट कसें करावें, तळहात कोठें टेकावा, अंगठा कोठें टेकूं नये, हें दाखविलें. तेव्हांपासून कामावरून आल्यावर हा मुलगा बापाची पाठ चोळतो. मुलगा म्हणाला, "माझ्या हातानं कुणाला तरी बरं वाटतंय, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं."

आतां पहा. जो बाप रोज रात्रीं मुलापुढें पाठ करून निजतो आणि त्याच्या हातानें झोप मिळवितो, तोच बाप दिवसा म्हणतो कीं हें काम हलकें आहे! घरांत केलें तर सेवा, दाम घेऊन केलें तर कमीपणा, हा न्याय कोणत्या गांवचा?

हा न्याय जुना आहे. ज्याचा हात दुसऱ्याच्या शरीरास लागतो, त्यास आपल्या समाजानें खालीं बसविलें. न्हाव्यानें डोकें चोळलें, सुईणीनें मूल सोडविलें, तेल्यानें घाण्यावर तेल काढलें. ह्या तिघांवांचून एकाही घराचें पान हललें नाहीं. तरी त्यांचे हात घेतले आणि त्यांना पंगतीला दूर ठेवलें. ज्यांनीं स्वतः कधीं कोणाचे पाय चेपले नाहींत, उलट ज्यांचे पाय दुसऱ्यांनीं चेपले, त्यांनीं ठरविलें कीं चेपणारा हलका. आणि आपण शेतकऱ्यांनीं तें मुकाट्यानें खरें मानलें! "आपण काय न्हावी आहों का" हें म्हणतांना आपण न्हाव्यास एक पायरी खालीं ढकलतों, आणि ज्यानें आपणांस त्याच शिडीवर खालीं उभें केलें आहे, त्याची शिडी मजबूत करतों.

१८९० सालीं मुंबईंतील न्हाव्यांनीं विधवांचें केशवपन करणार नाहीं असा निश्चय केला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं त्या कामीं पुढाकार घेतला होता. मोठमोठे विद्वान् ज्या प्रश्नावर नुसते वाद घालीत होते, तेथें हातांत वस्तरा असलेल्या माणसांनीं वस्तरा खालीं ठेवून दाखविला. अशा माणसांचें नांव आपण शिवी म्हणून वापरतों, ह्याची लाज वाटली पाहिजे.

तालमींत पहा. एक पैलवान दुसऱ्याचें अंग रगडतो, तेव्हां त्यास कोणी हलकें म्हणत नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें केलें. त्या मैदानांत जीं शरीरें गाजलीं, तीं नुसत्या दूध-बदामावर झालीं नाहींत. त्यांच्यामागें रोजची मालिश होती. पैलवानाच्या अंगास लागलेला हात मानाचा, आणि थकलेल्या कारकुनाच्या अंगास लागलेला हात कमीपणाचा, हें कसें?

आतां परदेशाची गोष्ट. पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेला शेख दीन महंमद नांवाचा एक गृहस्थ कंपनीच्या पलटणींत होता. ती चाकरी सोडून तो १७८४ सालीं आयर्लंडांत गेला. १८१० सालीं लंडनांत त्यानें हिंदी पद्धतीची खाणावळ काढली, ती दोन वर्षांत बुडाली. पन्नाशी उलटलेली, पदरीं बायकोमुलें, आणि दिवाळें वाजलेलें! तेव्हां त्यानें समुद्रकांठच्या ब्रायटन गांवीं वाफेचें स्नान आणि आपली देशी चंपी सुरू केली. पुढें चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम ह्या दोन इंग्लंडच्या राजांनीं त्यास आपल्या पदरीं नेमलें. आज घरोघरीं केंसांस लावण्याची जी बाटली असते, तिच्यावरचा शांपू हा शब्द मूळ आपल्याकडचा, चांपणें म्हणजे चेपणें ह्याच शब्दापासून इंग्रजींत गेलेला आहे.

स्वीडनांत पेर हेन्रिक लिंग ह्यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें शरीरशिक्षणाची सरकारी संस्था काढली, आणि व्यायामाबरोबर अंगमर्दनासही शास्त्रांत जागा मिळाली. जपानांत शेंकडों वर्षें अंध लोक ह्याच विद्येवर स्वतःच्या पायांवर उभे राहिले. थायलंडची परंपरागत मालिश २०१९ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशाच्या यादींत घातली. तेथील लोक तिच्याबद्दल अभिमानानें बोलतात. आपली चंपी मात्र आपण चौपाटीवरच्या चटईवर आणि सिनेमाच्या विनोदी प्रवेशांत ठेवली. तीच आतां स्पा हें नांव घेऊन लोणावळ्याच्या हॉटेलांत परत आली आहे. तेथें तिचा भाव ऐकून आपले डोळे विस्फारतात.

लोणावळ्याचेंच पहा. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, आणि मुंबईचा माणूस हवा खावयास वर येऊं लागला. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं येथें कैवल्यधाम काढलें आणि योगाची प्रयोगशाळेंत परीक्षा करून पाहिली. आमच्या शेजारीं १९४५ सालीं आरमाराचें शिवाजी केंद्र झालें. धरणें झालीं, बंगले झाले, आणि नागफणी पाहण्यास आजही गाड्यांची रांग लागते. हा सगळा मुलूख थकलेल्या माणसाच्या विसाव्यावर चालतो. मग विसावा देण्याची विद्या ह्या मातींतल्या मुलांच्या हातीं कां नसावी? ती शिकलेलीं मुलेंमुली शेंकडों कोसांवरून येथें येतात. त्यांच्याबद्दल आमचें एक वांकडें अक्षर नाहीं, तींही गरिबांचींच लेंकरें. पण आपलीं मुलें मात्र, आपल्याच बापजाद्यांनीं विकलेल्या जमिनीवरच्या फाटकाचा दांडा वरखालीं करीत बसतात!

आतां कोणी म्हणेल, गुरुजी भुलले. नाहीं. ह्या धंद्यांत खड्डे आहेत, आणि ते सांगितल्यावांचून आम्ही कोणास पुढें ढकलणार नाहीं.

पहिली गोष्ट, ही विद्या आहे, नुसता जोर नव्हे. हाडें कोठें, स्नायु कोठें, रक्त कोणत्या दिशेनें वाहतें, हें शिकावें लागतें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे हात केव्हां लावूं नये हें शिकावें लागतें. ताप असतां, हाड मोडलें असतां, जखम किंवा कातडीचा संसर्ग असतां चोळूं नये. एकाच पायाची पोटरी सुजून गरम व दुखरी झाली असेल, तर आंत रक्ताची गांठ असूं शकते. ती चोळली आणि सुटून फुप्फुसांत गेली तर माणूस दगावतो. अशा वेळीं तेल बाजूस ठेवून दवाखान्याची वाट धरावी. गरोदर बाईस त्या कामाचें खास शिक्षण घेतलेल्यावांचून कोणीं हात लावूं नये. आणि मालिश करणारा हा डॉक्टर नव्हे. फिजिओथेरपी ही कॉलेजांत चार वर्षांहून अधिक शिकण्याची निराळी विद्या आहे. "मी दमा बरा करतों, सांधे बरे करतों" अशी पाटी जो लावील, तो स्वतःस आणि धंद्यास बुडवील.

दुसरी गोष्ट, शिकावें कोठें? गल्लींत पंधरा दिवसांचा वर्ग काढून, हजारोंनीं रुपये घेऊन, रंगीत कागद देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या दारीं जाऊं नये. पुण्यास ताडीवाला रस्त्यावर बापू भवनांत राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. त्याच जागीं डॉ. दिनशा मेहता ह्यांचें निसर्गोपचार केंद्र होतें, आणि १९४५ सालीं गांधीजींनीं तेथें निसर्गोपचाराचा विश्वस्तनिधि स्थापण्यास हात दिला. आजची सरकारी संस्था १९८६ पासूनची. उपचार-सहाय्यकांस तयार करण्याचा एक वर्षाचा वर्ग तिनें चालविलेला आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याची नजर त्याच वर्गावर आहे. उरुळी कांचनचा आश्रम १९४६ सालचा. २०१५ पासून केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेंतही ह्या धंद्याच्या कामांस स्थान आहे. स्वतः जाऊन, प्रवेश केव्हां, खर्च किती, पुढें काम कोठें मिळतें, हें तोंडानें विचारावें आणि मगच पाऊल टाकावें. पण शिकण्यासाठीं जमिनीचा तुकडा विकूं नये. ज्या शिक्षणास जमीन विकावी लागते, तें शिक्षण आधीं सावकाराचें आणि मग आपलें.

तिसरी गोष्ट. ह्या नांवाखालीं भलते धंदे करणारीं दुकानें आहेत, हें झांकून चालणार नाहीं. पगार लेखीं न देणारा, कागदपत्रें अडकवून ठेवणारा, बंद दारामागें काय चालतें तें न सांगणारा मालक दिसला, कीं त्याच पावलीं परतावें. मुलींच्या बाबतींत तर दुप्पट सावध असावें. परंतु कांहीं दुकानें घाण आहेत म्हणून सारी विद्या घाण ठरत नाहीं. दुधांत पाणी घालणारा गवळी भेटला म्हणून आपण म्हैस विकत नाहीं.

चौथी गोष्ट, हें काम कष्टाचें आहे. अंगठे दुखतात, मनगटें धरतात, उभें राहून पाय भरतात. हाताचा नव्हे, सर्व अंगाचा भार लावून काम करण्याची रीत गुरूकडून उचलली नाहीं, तर चार वर्षांत हातच कामांतून जातात.

हें सर्व आम्हीं त्या बापापुढें त्याच्याच ओटीवर बसून सांगितलें. नोकरी जाईल, ह्या भीतीस फारसा अर्थ नव्हता. ठेकेदाराची नोकरी ती, तिला पेन्शन नाहीं, आणि ठेका बदलला कीं माणूस बदलतो. मुलानें वर्षभराच्या खर्चापुरते पैसे सांठविले आहेत, हें बापास तेव्हांच प्रथम कळलें. तो बराच वेळ गप्प होता. आंत म्हातारी आजी खोकली आणि दारांतून म्हणाली, "माझ्या हातानं निम्मी वाडी न्हाली. तवा कुणी नाक मुरडलं न्हाई."

बाप हळूच म्हणाला, "जाऊ द्या तर मग. शिकू द्या. पण गुरुजी, एक सांगा. ह्याचं लगीन कसं जमायचं? मालिशवाल्याला पोरगी कोण देणार?"

वाचकहो, येथें आमची गुरुगिरी संपली. ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण तें उत्तर आमच्या हातांत नाहीं, तुमच्या हातांत आहे. फाटकावर दांडा उचलणारा जांवई तुम्हांस चालतो, कारण त्याच्या अंगावर गणवेश असतो. उद्यां ह्या मुलाचें स्थळ तुमच्या दारीं येईल. तेव्हां तो काय काम करतो हें जरूर विचारा. विद्या पुरी शिकला आहे का, कमाई घरीं आणतो का, व्यसन आहे का, हेंही विचारा. पण "चेपणारा आहे" म्हणून पाहुण्यास चहा न देतां परत लावूं नका.

त्या रात्रीं तुमच्याही घरांत कोणाची तरी पाठ दुखत असेल, आणि कोणाचा तरी हात तिच्यावरून फिरत असेल. तो हात हलका आहे काय, तें आधीं त्या पाठीस विचारा.