विजेच्या गाडीने लुंबिनी : आधी कागद, मग बॅटरी



विजेच्या गाडीने लुंबिनीला जाता येईल का, असा प्रश्न नागपूरच्या एका महिला मंडळाने पाठविला आहे. मंडळातील एका ताईंच्या मुलाने बँकेच्या कर्जावर विजेची चारचाकी घेतली असून तो ती शहरात भाड्याने चालवितो. मंडळाच्या चौघीजणींना त्याच गाडीने सारनाथ, कुशीनगर आणि सरहद्दीपलीकडे लुंबिनी अशी धम्मयात्रा करावयाची आहे. पोराला चार पैसे मिळावेत आणि आपली यात्राही घडावी, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण हप्ता डोक्यावर असताना गाडी परक्या देशात अडकून पडली तर एका घराची चूल थंड पडेल. म्हणून आजचे सदर याच प्रश्नाला दिले आहे.

लोकांना भीती वाटते ती बॅटरीची. खरे म्हणजे ती सर्वांत कमी वाटावी. गोरखपूर ते सोनौली सुमारे ९५ किलोमीटर. सोनौलीची कमान ओलांडली की नेपाळचे बेलहिया आणि लगेच भैरहवा. तिथून लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे गोरखपूरहून जाऊन येऊन २४० किलोमीटर झाले. ४५ युनिट मावणारी बॅटरी, पाच माणसे आणि थंड हवेचे यंत्र चालू, असे धरले तरी युनिटला ६ किलोमीटर पडतात. पूर्ण भरलेली गाडी २७० किलोमीटर जाते. रात्री गोरखपूरला गाडी भरून घेतली तर नेपाळात एकदाही न भरता परत येता येईल. मात्र तिलौराकोटला, म्हणजे कपिलवस्तूला जायचे झाले तर आणखी पन्नास-पंचावन्न किलोमीटर वाढतात आणि हिशेब तुटतो. तेव्हा भैरहव्याला गाडी भरावी लागेल. तिथे चार्जिंग केंद्रे आहेत. आपल्या नव्या गाड्यांना लागणारी सीसीएस-टू जातीची पिन तिकडेही चालते, पण पैसे घेण्याची रीत निराळी असते. आधी भाव आणि रीत विचारावी, मग पिन लावावी.

नागपूर ते गोरखपूर ही मजल मात्र लांबची आहे. जबलपूर, रीवा, वाराणसी या वाटेने साडेनऊशे किलोमीटर. रस्त्यावरच्या जलद चार्जिंगवर बॅटरी ८० टक्क्यांवर नेण्यात वेळ वाया जातो आणि १५-२० टक्क्यांखाली उतरविण्यात धोका असतो. त्यामुळे दर १७० किलोमीटरला तासभर थांबा. असे चार-पाच थांबे आणि रीवाला एक मुक्काम धरा. वाटेत सारनाथ होतेच.

आता पैशाचा हिशेब. लुंबिनीपर्यंत जाणे-येणे सुमारे २,२०० किलोमीटर. रस्त्यावरची वीज युनिटला २० रुपये धरली तर ३६७ युनिटांचे ७,३४० रुपये होतात. तेवढ्याच वाटेला लिटरला १६ किलोमीटर देणारी डिझेलची गाडी नेली आणि डिझेल ९२ रुपये धरले, तर साडेबारा हजारांच्या वर जातात. चौघींत वाटून डोईमागे तेराशे रुपयांची बचत. त्यातून जादा मुक्कामाचा खर्च वजा करा. उरलेल्या रकमेसाठी कोणी नवी गाडी घेण्याच्या भानगडीत पडू नये. पण घरात गाडी आहेच, तर ती न्यायला हरकत नाही.

खरी अडचण कागदांची आहे. परकी गाडी नेपाळात न्यायची तर सरहद्दीवर जकात भरावी लागते. तिला तिकडे भन्सार म्हणतात. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा आकार आधी भरून पावती गाडीत ठेवायची. दिवस चुकले तर दंड होतो आणि पावतीच नसली तर गाडी जप्त होते. 'चला, मी करून देतो' म्हणत कोणी आडवा आला तर त्याच्या हाती कागद देऊ नयेत. खिडकीवर स्वतः उभे राहावे. (ज्या लुंबिनीला आपण चाललो, तिथेच सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी अशोक तिथे आला. बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने गावाचा बली हा कर माफ केला आणि धान्याचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्या दगडावरच कोरले आहे. आम्ही हिशेबनीस माणसे, आम्हाला तो लेख विशेष प्रिय आहे.)

ताईंच्या मुलाची गोष्ट याहून अवघड आहे. त्याच्या हिरव्या पाटीवर अक्षरे पिवळी आहेत, म्हणजे गाडी भाड्याची. खाजगी विजेच्या गाडीची अक्षरे पांढरी असतात. आपल्याकडे २०१८ पासून विजेच्या भाड्याच्या गाडीला परवान्यातून सूट आहे, त्यामुळे या पोरांनी परवाना कधी पाहिलेलाच नसतो. पण ही सूट आपल्या देशाची आहे, सरहद्दीपलीकडे ती दाखवून उपयोग नाही. तिथे भाड्याच्या गाडीचे नियम आणि आकार निराळे. निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर हजार किलोमीटर जाऊ नये.

दुसरी गोष्ट विम्याची. आपल्या गाडीचा विमा नेपाळात आपोआप लागू होत नाही. थोडा जादा हप्ता भरून विमा कंपनीकडून नेपाळपुरती वाढ लिहून घेता येते, आणि ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते. गाडी कर्जावर असल्याने बँकेचेही पत्र जवळ असलेले बरे. हे सारे जमले नाही तर गाडी सोनौलीच्या अलीकडेच चांगल्या वाहनतळावर ठेवावी आणि कमान पायी ओलांडावी. पायी जाणाऱ्याला भन्सार नाही आणि भारतीयाला व्हिसा नाही. भैरहव्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी आहेत, तिकडे त्यांना सिटी सफारी म्हणतात. आमचे मत विचाराल तर साठीच्या पुढच्या भगिनींनी आगगाडीने गोरखपूर गाठावे, पुढे नौतनवापर्यंतही आगगाडी जाते, आणि सरहद्दीनंतर या तीनचाकीचा किंवा बसचा आधार घ्यावा. विजेच्या गाडीने सरहद्दीपलीकडचा प्रवास तसाही घडतो, आणि हप्त्याची काळजी लागत नाही.

नेपाळला गेल्यावर रस्त्यावरच्या गाड्या जरूर पाहाव्यात. हा देश पेट्रोल-डिझेल भारताकडून घेतो. २०१५ साली नाकेबंदी झाली तेव्हा तिथे पेट्रोलसाठी मैलभर रांगा लागल्या आणि लोकांनी लाकडावर अन्न शिजविले. वीज तरी कुठे होती? २००८-०९ च्या हिवाळ्यात दिवसाला १६ तास अंधार. पुढे नद्यांवरची वीजकेंद्रे वाढली, कारभार सुधारला, आणि सरकारने पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेच्या गाडीवर कर पुष्कळ कमी ठेवला. २०२४-२५ साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी चारचाकींपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक विजेच्या होत्या. त्याआधी, १९९० नंतरच्या दशकातच काठमांडूत बॅटरीचे सफा टेम्पो धावू लागले. ते चालविणाऱ्यांत पुष्कळ बाया आहेत. आपल्या मुलींना हे आवर्जून सांगावे.

परमपूज्य बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, हे आपण सारे जाणतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे यांचे धोरणही त्यांच्याकडे होते, हे मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, अशी मांडणी त्यांनी १९४३ साली केली. नदीचे पाणी अडवून पूर, शेती आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आली.

लुंबिनीच्या आसपास सिमेंटचे कारखाने आणि विटांच्या भट्ट्या आहेत. १९९७ साली जागतिक वारसा ठरलेल्या या भूमीवर त्यांचा धूर आणि धूळ येते, आणि त्याची चिंता जगभर व्यक्त झाली आहे. आपल्या गाडीचा धूर त्यात नसावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.

भगिनींनी सोबत पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र ठेवावे, आधारवर विसंबू नये. शंभराच्या नोटा जास्त घ्याव्यात. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्याहून कमी कोणी देऊ लागला तर घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीत तराईत दाट धुके असते, ते दिवस टाळावेत. आणि ज्यांच्या ओळखपत्रावर अजून माहेरचे नाव आहे, त्यांनी ते आताच दुरुस्त करून घ्यावे.