कार्डावरचं ‘प्रायव्हेट लिमिटेड’

ऑफिसच्या कँटीनमध्ये हल्ली अप्रेझलइतकीच चर्चा ‘आपलं काहीतरी सुरू करूया’ची असते. आयडिया टिफिन सर्व्हिसची असो नाहीतर ॲपची, व्हिजिटिंग कार्डवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ मस्ट! भारी वाटतं, कबूल. पण दोस्तांनो, जरा हिशोब करूया का?

मी फ्रीलान्सर, म्हणजे कायद्याच्या भाषेत चक्क प्रोप्रायटर. वेगळी कंपनी नाही, वेगळं रिटर्न नाही. त्यात २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या कमाईवर टॅक्स शून्य. तोटा एकच, पण जबरदस्त. धंद्याचं कर्ज ते माझं कर्ज. देणं थकलं की वसुली थेट माझ्या एफडीपर्यंत! दोघांच्या साध्या पार्टनरशिपमध्ये तर मित्राने धंद्यासाठी केलेलं देणंही तुमच्याच डोक्यावर.

यावरचा उतारा म्हणजे २००८च्या कायद्याने आलेली एलएलपी. किमान दोन पार्टनर हवेत, जबाबदारी मात्र ठरलेल्या भांडवलापुरती. उलाढाल ४० लाख किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं तरच या कायद्याखाली ऑडिट. टॅक्स ३० टक्के, वर सेस.

कंपनीला २०१९पासून २२ टक्क्यांचा पर्याय आहे. सरचार्ज आणि सेस धरून सुमारे २५.१७. स्वस्त वाटतंय? पण नफा डिव्हिडंड म्हणून घरी नेलात की तुमच्या स्लॅबप्रमाणे पुन्हा टॅक्स. एलएलपीतला नफ्याचा वाटा पार्टनरच्या हातात टॅक्स-फ्री असतो. शिवाय कंपनीला एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट आहेच.

मग कंपनी काढायची कुणी? ज्यांना नफा धंद्यातच ठेवून वाढायचंय किंवा बाहेरून पैसा उभारायचाय त्यांनी. इन्व्हेस्टरला शेअर्स हवे असतात आणि एलएलपीत शेअर्सच नसतात. एकटेच असाल तर वन पर्सन कंपनीही आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. लोन घेताना बँकेने पर्सनल गॅरंटी मागितली आणि तुम्ही सही केलीत, की त्या कर्जापुरतं ‘लिमिटेड’ फक्त कार्डावर उरतं. म्हणून सीएला ‘टॅक्स किती वाचेल?’ हे नंतर विचारा. ‘धंदा बुडाला तर माझं काय काय जाईल?’ हे आधी!