बुडीत खात्याची कथा

व्यापारी घरात प्रत्येक व्यवहाराची जागा ठरलेली असते. रोख आली की ती रोजमेळात उतरते, उधारी खतावणीत जाते आणि वसूल न होणारी रक्कम अखेरीस बुडीत खाती टाकली जाते. मात्र त्या रकमेबरोबर माणसाच्या आत जे बुडते, त्यासाठी कोणत्याही वहीत पान नसते. वर्षानुवर्षांच्या भागीदाराने फिरवलेली पाठ, पेढीला कुलूप लागल्यावर बाजारपेठेतून खाली मान घालून चालणे, एकाच आजारपणात पैसा आणि माणूस दोन्ही गमावणे, हे घरात सर्वांना ठाऊक असते आणि कोणीच उच्चारत नाही. या मौनाला कारण आहे. पत हा व्यापाराचा पाया असतो, आणि घराबाहेर गेलेला एक शब्द ती घटवू शकतो. मुलामुलींच्या सोयरिकींवरही त्याची सावली पडते.

सांगावे तर अब्रू जाते आणि न सांगावे तर जीव घुसमटतो. या पेचातून एक वाट निघते, ती कल्पित कथेची. कथेत नाव बदलते, गाव बदलते, धंदा बदलतो. दुःख मात्र खरे राहते. या वाटेने गेलेला एक जगप्रसिद्ध कथाकार हिशेबाच्याच खुर्चीवरून उठून आला होता.

विल्यम सिडनी पोर्टर हा अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, ऑस्टिन येथील एका बँकेत रोखपाल होता. हिशेबात तूट निघाली आणि अफरातफरीचा आरोप त्याच्यावर आला. खटल्याला सामोरे न जाता १८९६ मध्ये तो होंडुरास देशात पळाला. पण पत्नी अॅथॉल क्षयाने अंथरुणाला खिळल्याचे कळताच परत आला. १८९७ च्या जुलैमध्ये ती वारली. पुढील वर्षी सुमारे ८५४ डॉलरच्या अपहाराबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तो खरोखर दोषी होता की ढिसाळ हिशेबाचा बळी, याविषयी चरित्रकारांचे आजही एकमत नाही. न्यायालयात त्याने स्वतःची बाजू फारशी मांडलीच नाही.

ओहायोच्या तुरुंगात त्याला तरुणपणी शिकलेली औषधविद्या उपयोगी पडली. तुरुंगाच्या रुग्णालयात तो रात्रपाळीचा औषधनिर्माता झाला आणि त्या रात्रींत कथा लिहू लागला. आजोळी वाढणाऱ्या त्याच्या लहान मुलीला, मार्गारेटला, वडील व्यवसायानिमित्त दूर गेले आहेत एवढेच सांगितलेले होते. कथा न्यू ऑर्लिन्समधील एका स्नेह्यामार्फत संपादकांकडे जात, म्हणजे लेखक तुरुंगात आहे हे कोणाला कळत नसे. त्या काळात त्याने घेतलेल्या टोपणनावांपैकी एक पुढे जगाने लक्षात ठेवले: ओ. हेन्री. १९०१ मध्ये तो सुटला तेव्हा बँकेचा रोखपाल मागे राहिला होता आणि कथाकार बाहेर पडला होता.

त्याने आपल्या खटल्याची हकीगत लिहिली नाही. त्याऐवजी १९०३ मध्ये त्याची जिमी व्हॅलेंटाईनची कथा प्रसिद्ध झाली. जिमी हा तिजोऱ्या फोडण्यात निष्णात असलेला, नुकताच तुरुंगातून सुटलेला गुन्हेगार. एका लहान गावात बँक लुटण्याच्या बेताने तो येतो, बँकमालकाच्या मुलीच्या प्रेमात पडतो, नाव बदलून पादत्राणांचे दुकान काढतो आणि सचोटीने नावारूपाला येतो. लग्न तोंडावर आलेले असताना एक चिमुरडी बँकेच्या नव्या तिजोरीत अडकते. तिला वाचवायचे तर जुनी अवजारे हाती घ्यावी लागणार आणि सर्वांदेखत ओळख उघडी पडणार. जिमी अवजारे काढतो, मूल वाचते. त्याला पकडायला आलेला गुप्तहेर हे सारे पाहतो आणि त्याला न ओळखल्यासारखे करून निघून जातो.

या कथेत लेखकाच्या आयुष्याचा एकही प्रसंग जसाच्या तसा नाही, आणि तरीही त्यातले काहीच परके नाही. बँक आहे, तुरुंग आहे, बदललेले नाव आहे, नव्या धंद्याने मिळवलेली पत आहे आणि ती एका क्षणात जाण्याची धास्ती आहे. प्रत्यक्षात न मिळालेली क्षमाही आहे. लेखकाने ती एका पात्राला दिली.

कल्पित लेखनाचा असा उपयोग होतो का, हे संशोधकांनीही तपासले आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील आघातांविषयी लिहायला सांगितले. लिहिल्यावर लगेच त्यांचे मन अधिक जड झाले. पण प्रसंग आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढील महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. १९९६ मध्ये मेलनी ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले. आघात सोसलेल्या काही विद्यार्थिनींना त्यांनी स्वतःवर कधीही न ओढवलेल्या, केवळ कल्पनेतल्या आघाताविषयी लिहायला लावले. त्यांच्याही दवाखान्याच्या फेऱ्या, किरकोळ विषयावर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झाल्या. शिवाय खऱ्या आघाताविषयी लिहिणाऱ्यांइतक्या त्या लिहून होताच खिन्न झाल्या नाहीत. दुसऱ्याचे दुःख रचताना माणूस भावनांचा लगाम हाती धरायला शिकतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

घरी हे करून पाहायला साहित्यिक असावे लागत नाही. कापडाच्या पेढीतील नुकसान सोसलेल्याने भुसार व्यापाऱ्याची गोष्ट लिहावी. सांगणारा मालक नसावा. जुना मुनीम असावा, किंवा रोज संध्याकाळी दुकान झाडणारा नोकर. दृष्टी बदलली की मालकाला न दिसलेले दिसू लागते: पळालेल्या भागीदाराच्या चेहऱ्यावरची भीती, गप्प राहिलेल्या पत्नीने परस्पर मोडलेला दागिना, मोठ्या मुलाने न बोलता सोडलेले शिक्षण. रागाने लिहायला घेतलेल्या कथेत खलनायकालाही बोलायला लावावे लागते, आणि तिथेच राग पहिल्यांदा सैल होतो. शेवट सुखाचाच हवा असे नाही. पात्राने दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची फळी पुन्हा उघडली, एवढाही शेवट पुरतो. लिहिलेले कोणाला दाखवायचे, कपाटात ठेवायचे की फाडून टाकायचे, हा अधिकार सर्वस्वी लिहिणाऱ्याचा. घरातील इतरांनी तो मानावा आणि यातला शेठ कोण, हे विचारू नये.

या उपायाची मर्यादाही ओ. हेन्रीच्याच आयुष्यात दिसते. न्यूयॉर्कमध्ये त्याने शेकडो कथा लिहिल्या, कीर्ती मिळवली. पण दारू सुटली नाही आणि १९१० मध्ये अवघ्या ४७ व्या वर्षी तो गेला. तुरुंगवास त्याने जन्मभर लपवला, सर्वसामान्य वाचकांना तो त्याच्या मृत्यूनंतरच कळला. कथेने त्याला उभे केले, पण एकट्याने सोसलेले ओझे पूर्णपणे उतरवले नाही. आघात ताजा असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीच्या आधी जवळचा माणूस आणि डॉक्टर हवा. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

एरवी, ज्या घरात वह्या लिहिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिथे आणखी एक वही जड नाही. तिच्यात जमा-खर्च जुळवावा लागत नाही. इतर कोणत्याही वहीत न मावलेली तूट तिच्यात लिहिता येते, तीही दुसऱ्याच्या नावाने.