केसपेपरची खिडकी

एसटी स्टँडच्या मुतारीत आजही ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशी पत्रकं डकवलेली दिसतात. खाली मोबाइल नंबर आणि ‘नाव गुप्त ठेवले जाईल’ ही ओळ. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला नेमकी तीच ओळ हवी असते. याच आजारांसाठी सरकारी रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तरुणांना लैंगिक संसर्गाचा धोका जास्त का, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं: संस्कार सुटले, मोबाइल आला. जोडीदार वाढले, निरोध टाळला की धोका वाढतो, हे खरंच. पण वयाचाही वाटा आहे. किशोरवयीन मुलींच्या गर्भाशयमुखावरचा नाजूक पेशींचा थर अजून उघडा असतो. क्लॅमिडिया, गनोरिया तिथे सहज शिरतात. क्लॅमिडियाची तर बहुतेक मुलींना लक्षणंच जाणवत नाहीत. सिफिलिस, म्हणजे जुन्या बोलीतली गरमी, त्याहून फसवी. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी चट्टा येतो, दुखत नाही, आणि औषधाविना तीन ते सहा आठवड्यांत भरूनही येतो. पोराला वाटतं, सुटलो. जंतू मात्र अंगात पसरलेला असतो. मधे मेडिकलवाल्याने दोन गोळ्या दिल्या असतील, तर श्रेय त्या गोळ्यांना जातं!

म्हणून धोक्यांच्या यादीत आम्ही उशीर सगळ्यात वर ठेवू. आणि हा उशीर आपणच घडवलेला आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून हे विषय मराठीत उघड मांडले, त्यापायी खटले सोसले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७मध्ये, याच महाराष्ट्राने शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली.

कायद्याचा पेच वेगळाच. २०१२च्या ‘पॉक्सो’नुसार अठरा वर्षांखालच्या मुलामुलींशी संमतीने आलेला संबंधही गुन्हा ठरतो आणि तो पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलांच्या रक्षणासाठी हा कायदा हवाच. पण पोलिसांच्या धास्तीने सतरा वर्षांची मुलगी दवाखान्याची पायरीच चढत नाही, त्याचं काय? अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये वाट काढली: तिने आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. संसर्गाच्या उपचारांनाही हीच मुभा स्पष्ट शब्दांत मिळायला हवी.

खिडकीवरची गोष्ट मात्र कुठल्या कायद्यासाठी अडलेली नाही. केसपेपर काढणारा काचेआडून मोठ्याने विचारतो, “काय होतंय?” मागे रांगेत गावातलेच दोघं उभे. “ताप येतोय,” मुलगा म्हणतो. कागदावर जनरल ओपीडीचा शिक्का पडतो, आणि पॅरासिटॅमॉलच्या सहा गोळ्या घेऊन तो घरी जातो.