Explained : पेटकरांना ‘अर्जुन’ मिळायला ५२ वर्षे का लागली?

पिंपरी-चिंचवडकर मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्ण जिंकले. भारताचे हे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) मात्र त्यांना मिळाला १७ जानेवारी २०२५ रोजी. तोवर पद्मश्री मिळून गेली होती, ‘चंदू चॅम्पियन’ही येऊन गेला होता.

मग ‘अर्जुन’लाच एवढा उशीर का? नेहमीच्या ‘अर्जुन’साठी मागच्या ४ वर्षांतील कामगिरी पाहिली जाते. ती मुदत सरली की जुने सुवर्ण हिशेबात येत नाही. पेटकरांनी १९८२ मध्ये अर्ज केला होता. अपंग असल्याने तो नाकारला गेला, असे ते मुलाखतींत सांगत आले आहेत. निवृत्तांसाठीचा जीवनगौरव ‘अर्जुन’ २०२४च्या पुरस्कारांपासून सुरू झाला. पहिल्याच यादीत नावे दोनच: धावपटू सुचा सिंग आणि पेटकर.

दुसरी अडचण अर्जाची. नाव आधी क्रीडा मंत्रालयाकडे पोहोचावे लागते, मग समिती शिफारस करते. याच वर्षी ‘खेलरत्न’साठी मनू भाकरचे नाव सुरुवातीला नसल्याची चर्चा झाली, तेव्हा ‘अर्ज भरताना कदाचित माझ्याकडून चूक झाली असेल’ अशा आशयाचे तिने म्हटले होते. एकाच ऑलिम्पिकमध्ये २ पदके मिळवूनही!

क्रिकेटमध्ये चित्र वेगळे. आयसीसी हॉल ऑफ फेमसाठी शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर किमान ५ वर्षे थांबावे लागते. सचिन २०१३ मध्ये निवृत्त झाला, २०१९ मध्ये आत गेला. तिथे थांबणे हाच नियम. पेटकरांच्या वेळी तसा दरवाजाच नव्हता.