शब्दयोगी अव्यये आणि इंग्रजीतील ‘ऑब्जेक्ट’

इंग्रजी व्याकरणातील ‘प्रिपोझिशन’चा धडा मुलांना जड जातो, ही तक्रार महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतून नेहमी ऐकू येते. माझ्या मते धडा जड नाही. तो उलट्या बाजूने शिकविला जातो. मराठी बोलणाऱ्या मुलाला त्यातील निम्मा भाग शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच येत असतो.

उदाहरणादाखल इंदूरचे मल्हारगंज घेऊ. मल्हाररावांचे नाव मिरवणाऱ्या या जुन्या वस्तीतील मराठी घरात वाढणारे मूल आजीशी मराठीत बोलते, रस्त्यावर हिंदीत आणि पुस्तकात इंग्रजीत. बेळगाव-निपाणीच्या मुलाच्या वाट्याला हिंदीच्या जागी कानडी येते, एवढाच फरक. दोघांनाही शिक्षक सांगतात की, ‘प्रिपोझिशन’नंतर येणारे नाम हे त्याचे ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे कर्म. घोटाळा येथेच सुरू होतो.

‘मुलगा बाकावर बसला’ या वाक्यात कर्म कोणते? मराठीच्या तासाला उत्तर असते : कर्म नाही, कारण ‘बसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. तेच वाक्य इंग्रजीत गेले की बाक हे ‘ऑन’चे ‘ऑब्जेक्ट’ ठरते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक आहे ती ‘ऑब्जेक्ट’साठी सर्वत्र ‘कर्म’ हा एकच शब्द वापरण्यात. कर्म क्रियेचे असते, अव्ययाचे नसते. मग मूल एक तर मराठीच्या उत्तरपत्रिकेत बाकाला कर्म ठरवते, नाही तर इंग्रजीचा नियम समजून न घेता पाठ करते.

वास्तविक मराठीजवळ या जागेसाठी नेमका शब्द आहे : सामान्यरूप. ‘मी झाड पाहतो’ यात झाड हे कर्म आहे आणि त्याचे रूप बदललेले नाही. ‘मी झाडाखाली बसतो’ म्हणताच ‘झाड’चे ‘झाडा’ होते. शाळा-शाळेजवळ, भिंत-भिंतीवर, भाऊ-भावासाठी ही रूपेही तशीच. शब्दयोगी अव्यय जोडले गेले की नाम आपले रूप पालटते, आणि हा पालट मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत ‘प्रिपोझिशन’चे ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात ते हेच नाम. इंग्रजी नामांत हा बदल दिसत नाही. तो ‘ही-हिम’, ‘आय-मी’, ‘दे-देम’ अशा मोजक्या सर्वनामांपुरता उरला आहे. म्हणून इंग्रजीपुरते पाहणाऱ्या मुलाला नियम निराधार वाटतो.

‘बिट्वीन यू अँड आय’ ही चूक जन्माने इंग्रजी भाषक असलेली माणसेही करतात. मराठी मूल मात्र ‘तू-मीमध्ये’ असे कधीच म्हणणार नाही. ते ‘तुझ्या-माझ्यामध्ये’ असेच म्हणेल. त्याला एवढेच दाखवून द्यावे की, ‘मी’चे ‘माझ्या’ जेथे होते, तेथे इंग्रजीत ‘आय’चे ‘मी’ होते.

दोन भाषांतील खरा भेद स्थानाचा आहे. ‘प्रिपोझिशन’ या नावाचा लॅटिन मुळातील अर्थच ‘आधी ठेवलेला’ असा आहे. आपला शब्द नामाच्या मागून येतो आणि त्याला जोडून लिहिला जातो. म्हणून आपल्या वैयाकरणांनी स्थानापेक्षा योग महत्त्वाचा मानला. हिंदीतही ‘पेड़ पर’ असा क्रम आहे आणि ‘वह’चे ‘उस पर’ होते. कानडीत ‘मर’ म्हणजे झाड, आणि झाडावर म्हणजे ‘मरद मेले’. म्हणजे शेजारच्या भाषाही याच बाबतीत मुलाला साथ देतात. मराठी न जाणणाऱ्या शिक्षकालाही हिंदीच्या किंवा कानडीच्या आधाराने हा धडा सुगम करता येईल.

सर्वच काही मातृभाषेतून मिळते, असा माझा दावा नाही. ‘इंदूरला जातो’, ‘इंदूरला राहतो’ आणि ‘राजवाड्याला भेटू’ या तिन्ही ठिकाणी आपण ‘ला’ म्हणतो. इंग्रजी मात्र अनुक्रमे ‘टू’, ‘इन’ आणि ‘ॲट’ मागते. ही निवड वाचनाने आणि सरावानेच अंगवळणी पडते. उलटपक्षी, झाडावर बसलेला पक्षी आणि झाडाच्या वर उडणारे विमान यांतला भेद मराठी मुलाला ठाऊक असतो. त्यावरून ‘ऑन’ आणि ‘अबव्ह’ यांतले अंतर एका वाक्यात समजावता येते.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना माझी सूचना अशी. पहिल्या दिवशी इंग्रजी शब्दांची यादी पाठ करावयास देऊ नये. मुलाच्या परिसरातील दहा मराठी वाक्ये घ्यावीत : राजवाड्यासमोर, बडा गणपतीजवळ, पुलाखाली, आजोबांबरोबर. प्रत्येकातील अव्यय वेगळे काढावे, सामान्यरूप ओळखावे आणि मगच अव्यय पुढे नेऊन वाक्य इंग्रजीत मांडावे. ‘ऑब्जेक्ट ऑफ प्रिपोझिशन’ला कर्म न म्हणता ‘अव्ययाने बांधलेले नाम’ म्हणावे.

मात्र या पद्धतीची एक अट आहे. घरात ‘रस्त्यावर’ हा शब्द जिवंत असला पाहिजे. ‘रस्ता वर’, ‘शाळामध्ये’ अशी रूपे परप्रांतातील मराठी मुलांच्या तोंडी येऊ लागली, तर ती कौतुकाने ऐकून सोडू नयेत, प्रेमाने सुधारावीत. सामान्यरूप हरवले, तर मराठीचा एक कणा मोडतोच. शिवाय ज्या इंग्रजीसाठी आपण मराठी बाजूला सारतो, ती समजावून देणारे हाताशी असलेले साधनही आपण गमावतो.