घोड्याच्या रक्ताचा प्रवास

मुलांनो, माथेरानला किंवा पाचगणीला गेल्यावर घोड्यावरून रपेट मारली आहे ना? २००६ साली पाचगणी आणि पुण्यातल्या काही घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग झाल्याचं आढळलं. हा रोग जिवाणूंमुळे होतो आणि घोड्यापासून माणसालाही होऊ शकतो. म्हणून रोग नक्की ठरला, की कायद्यानं त्या घोड्याला मारावंच लागतं. बघा, छोट्याशा नळीतल्या रक्तावर त्याचा जीव अवलंबून!

ही तपासणी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. प्रवास हजार किलोमीटरहून लांबचा. वाटेत रक्त नासलं तर?

म्हणून पशुवैद्य काळजी घेतात. घोड्याच्या मानेतल्या शिरेतून रक्त काढलं, की नळी सावलीत तिरकी ठेवतात. थोड्या वेळानं रक्त साकळतं आणि पिवळसर पाणी सुटतं. ते सीरम. रोगाची खूण सांगणारी प्रतिपिंडं त्यातच असतात. सीरम दुसऱ्या नळीत काढून बर्फाच्या पेटीतून पाठवतात. थोडे दिवस ठेवायचं तर ४ अंश सेल्सिअस पुरतं, जास्त दिवसांसाठी उणे २० अंश लागतं.

"मग रक्तच सरळ फ्रीजरमध्ये टाकलं तर?" असं विचाराल. तीच चूक व्हायची! रक्ताचा बर्फ झाला, की तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम लाल होतं. नळी उन्हात तापली किंवा जोरानं हिंदकळली, तरी तेच. ग्लँडर्सच्या एका चाचणीत मेंढीच्या तांबड्या पेशी मिसळतात. त्या फुटल्या की नाही, यावरून निकाल ठरतो. सीरम आधीच लाल असेल तर निकाल वाचायचा कसा?

मग पुन्हा रक्त काढा, पुन्हा पाठवा. तोवर घोडा बिचारा एकटा बांधलेला, मालकाची कमाई बंद. आणि खरंच रोग असेल, तर बाकीच्या घोड्यांनाही धोका!

करून पाहा : आईला विचारून एक टोमॅटो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढा आणि बर्फ वितळल्यावर दाबून पाहा. कसा लिबलिबीत लागतो! बर्फानं त्याच्याही पेशी फोडल्या. मात्र टोमॅटो फेकू नका हं, त्याचं सार छान होतं!